कोणता गुडघा

गुडघा दुखतोय अशी थाप मारून एका सत्तरीच्या माणसाने मला फसवलं. सौदा ठरला होता, अटी ठरल्या होत्या, मी त्यांतली एकूण एक अट पुरी केली होती. ऐन वेळी, माल डोळ्यांसमोर असताना, ते वाकले, गुडघा चोळला आणि म्हणाले, "परत जाऊ." माल म्हणजे डोंगराचा एक उतार. हसायचं असेल तर हसून घ्या. त्या उतारासाठी मी अठरा वर्षं थांबले होते.

आमचं गाव कोलोरॅडोच्या डोंगरात, इतकं उंच की कुकरला दोन शिट्ट्या जास्त लागतात. मराठी घरं चारच. त्या चार घरांत त्यांना सगळे काका म्हणायचे, आणि पोस्टातली गोरी बाईसुद्धा 'गुड मॉर्निंग, काका' म्हणायची. काका मूळचे नागपूरचे. नोकरीभर डेन्व्हरच्या आसपास इमारतींच्या पायाखालची माती तपासली. माती पेलेल की नाही ते सांगणं हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर लोक फ्लोरिडाला जातात. हे वर आले, आणि मातीऐवजी बर्फ तपासायला लागले. पगार कोणी देत नव्हतं, बोलावलंही कोणी नव्हतं.

मी ओट्यांसाठी दगड विकते. ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, मार्बल. मूळची इचलकरंजीची. नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हा मला काम करायची परवानगीच नव्हती. ती मिळाल्यावर मी लोकांची सुट्टीतली घरं साफ केली. ओटे पुसता पुसता दगड शिकले. त्या प्रत्येक घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो उतार दिसायचा: गावाच्या समोर, उत्तरेकडे तोंड करून, वरपासून खालपर्यंत एकसंध पांढरा, मधे झाड नाही की खडक नाही. तेव्हा ठरवलं होतं की एक दिवस मी त्याच्यावरून स्की करत खाली येणार. पुढे स्वतःचं दुकान घेतलं तेही त्याच रस्त्यावर. काउंटरवर उभी राहिले की समोर तोच.

काका पहिल्यांदा आले ते दुकानात.

"काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा पाहिजे. एवढा," त्यांनी पंजा दाखवला.

"कशाला?"

"बर्फ पाहायला."

मी भाव सांगितला. खरा भाव नव्हे. जो ऐकून गिऱ्हाईक 'छे!' म्हणतं आणि मग खेळ सुरू होतो, तो भाव. काका म्हणाले, "बरं," आणि पाकीट काढलं.

मला इतका राग आला! "अहो काका, भाव तरी करा."

"काहून? तूच सांगितला ना?"

ते गाडीपर्यंत पोचले तेव्हा मी मागून धावत जाऊन अर्धे पैसे त्यांच्या खिशात कोंबले. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःशीच घासाघीस केली आणि हरले. माणूस धोकादायक आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तो दगड त्यांनी पुढे कायम पाठीवरच्या पिशवीत बाळगला. बर्फाचे कण काळ्यावर उठून दिसतात, म्हणून. बाकीचे लोक त्यासाठी हलका पत्रा नेतात. काका रात्रभर बाल्कनीत गार करून दगड न्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "पत्रा लगेच तापतो. दगड विचार करून तापतो." वर पोचल्यावर फावड्याने छातीइतका खड्डा खणायचे, त्याची एक भिंत कालथ्याने साफ करायचे. कालथा काकूंचा. काकूंचे तीन कालथे असे डोंगरात गेले. भिंतीत ऑक्टोबरपासूनचा सगळा हिवाळा थरांनी दिसायचा. काका प्रत्येक थरातला चिमूटभर बर्फ दगडावर टाकून भिंगातून बघायचे आणि नावं सांगायचे: "हा मैदा. हा रवा. हा पाहा साबुदाणा, त्या वादळाचा." आणि सगळ्यात तळाशी हात गेला की आवाज उतरायचा. "ही खडीसाखर."

खडीसाखरेचं प्रकरण त्यांनी मला माझ्याच धंद्यात समजावलं.

"तू लादी बसवते तेव्हा खाली काय असते?"

"कपाट. सपाट आणि घट्ट."

"समज खाली साखर पसरली, वर लादी ठेवली, अन् अख्खा ओटा तिरका केला."

"लादी माझ्या पायावर येईल."

"हाव! तेच हिमस्खलन. फक्त लादी फुटबॉलच्या मैदानाएवढी, अन् तू तिच्यावर उभी."

ऑक्टोबरमध्ये पडलेला पहिला पातळ बर्फ सावलीच्या बाजूला तसाच राहतो, थंडीने त्याचे सुटे, करकरीत दाणे होतात, आणि मग वर सगळा हिवाळा साचतो. उन्हाच्या बाजूला तो पहिला बर्फ वितळून जातो, म्हणून तिथे तळ चांगला असतो. हे मला काकांनीच शिकवलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

त्यांना उतार मोजायचं वेड होतं. जवळ कोन मोजायचं छोटं यंत्र असायचं आणि ते कशालाही लागायचं: चर्चचं छप्पर, मुलांची घसरगुंडी, आमच्या गणपतीतला शिरा. "तीस अंशांच्या वर गेला की घसरू शकते," असं म्हणत त्यांनी शिऱ्याच्या ढिगाला यंत्र लावलं तेव्हा माझ्या मुलीने, सईने, मुद्दाम वरून तूप ओतलं. कडेचा शिरा खरंच खाली आला. काका टाळ्या वाजवून नाचले. काकू म्हणाल्या, "या माणसाला मी नागपुरात पाहिलं तेव्हा बरा होता."

रोज पहाटे सहाला आमच्या ग्रुपवर त्यांचा व्हॉइस मेसेज यायचा. हिमस्खलनाचा सरकारी अंदाज वाचून त्याचं मराठी करायचे. धोक्याच्या पायऱ्या पाच. काकांनी त्यांची नावं माझ्या स्वभावावरून ठेवली होती, मला न विचारता. एक: बाईसाहेब झोपल्यात. दोन: बाईसाहेब चहा पितायत. तीन: बाईसाहेब दुकानात आहेत, गिऱ्हाईक हसत हसत आत येतंय. चार: गिऱ्हाईक म्हणालं, ऑनलाइन स्वस्त मिळतं. पाच: गाव सोडा. मी भांडले. म्हणाले, "अगं, तीनलाच जपायचं असते. चार-पाचला लोक घरीच बसतात. तीनला सगळं हसतखेळत चाललेलं असते." पुढच्या पहाटे पुन्हा तेच: "आज तीन. बाईसाहेबांनी साडी छान नेसली आहे, पण जवळ जाऊ नये."

त्यांच्याबरोबर डोंगरात जायचं तर आधी डबा शोधावा लागायचा. बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र, बीकन, प्रत्येकाच्या छातीवर असतं. काका त्यांतलं एक बेसनलाडूच्या डब्यात घालून पार्किंगच्या मागे बर्फात पुरायचे आणि घड्याळ लावायचे. तीन मिनिटांत जागा सापडली, वेळेत उकरला, तर लाडू तुमचे. नाही तर काका तुमच्यासमोर उभे राहून सावकाश खायचे.

पहिल्या वेळी मी चार मिनिटांनी पोचले.

"एक मिनिटाने काय होतंय, काका!"

"ते तू डब्याला विचार," लाडू चावत ते म्हणाले.

सईने तेराव्या वर्षी दोन मिनिटांत डबा काढला आणि एकटीने तीन लाडू खाल्ले. मला अर्धा दिला नाही. "सॉरी मॉम, रूल्स."

आणि एक नियम त्यांचा खास होता, जो कुठल्याही मराठी घरात चालणार नाही. पुढे जायचं की परत फिरायचं हे ठरवायच्या जागी थांबलं की सगळ्यात लहान माणसाने आधी बोलायचं. मग वयाने चढत जायचं. सगळ्यात मोठ्याने शेवटी. एकानेही नको म्हटलं तर सगळे परत, आणि का असं कोणी विचारायचं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे मोठी माणसं बोलली की लहान गप्प बसतात. ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी. म्हणून उलटं." एकदा झाडीतल्या सपाट जागी आम्ही पाच जण उभे असताना पायाखाली 'धप्प' झालं, जणू खालच्या मजल्यावर कोणी गादी टाकली. बर्फ बोटभर खचला. मी सईचा दंड धरला. काका मात्र हरखून गेले. "ऐकलंत? बोलला! साखर बसली खाली!" मग लगेच गंभीर. "सई, तू बोल आधी." सई म्हणाली, "होम." कोणी काही विचारलं नाही. घरी येऊन आम्ही भजी तळली.

काका तो समोरचा उतार मला देत नव्हते. दर हिवाळ्यात मी मागायची, दर हिवाळ्यात ते म्हणायचे, "डोंगराला घासाघीस कळत नाही, बाईसाहेब." पण सई बारावीला आली. पुढच्या ऑगस्टमध्ये ती कॉलेजला मॅसॅच्युसेट्सला जाणार होती. तो उतार मला तिच्याबरोबर हवा होता. एकटीने नव्हे, पुढच्या कधीतरी नव्हे. मी लोकांच्या खिडक्या पुसत होते तेव्हा ती माझ्या पोटात होती. तेव्हापासूनचं ते होतं.

नोव्हेंबरात मी त्यांच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं. तो ओटाही माझाच, मीच बसवलेला. काकू पोळ्या करत होत्या.

"काका, अटी सांगा. नाही म्हणायचं नाही. अटी."

"धोका एक नाही तर दोन," ते म्हणाले. "वारा नाही. सईने डबा अडीच मिनिटांत काढायचा. अन् ठोके."

ठोके म्हणजे बर्फाची परीक्षा. खड्ड्याच्या भिंतीतून बर्फाचा एक खांब करवतीने सुटा कापायचा, त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि हाताने ठोकायचं. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. आतला एखादा थर किती ठोक्यांत तुटतो ते बघायचं.

"तीस ठोके खाऊन खांब उभा राहिला तर जाऊ," काका म्हणाले.

"मंजूर. माझी एकच अट. खड्डा कुठे खणायचा ते मी ठरवणार."

काका गप्प झाले. बराच वेळ. काकूंनी तव्यावरची पोळी उलटायचं सोडून त्यांच्याकडे पाहिलं. मी हललेसुद्धा नाही. सौद्यात समोरचा माणूस गप्प बसला की आपण तोंड उघडायचं नाही, हे मी इचलकरंजीच्या बाजारात आईकडून शिकलेय.

"बरं," ते म्हणाले.

तोच 'बरं'. ग्रॅनाइटच्या वेळचा.

जानेवारीत तो दिवस आला. पहाटेचा मेसेज: "आज दोन. बाईसाहेब चहा पितायत, पण बशीत." आभाळ निळं, पान हलत नव्हतं. सईने डबा दोन मिनिटं दहा सेकंदांत काढला. आम्ही तिघं स्कीच्या तळाला चढताना मागे न घसरू देणाऱ्या पट्ट्या लावून दोन तास चढलो आणि धारेवर आलो. डावीकडे तो उतार, सावलीत, निळसर. उजवीकडे त्याच धारेची उन्हाची बाजू.

मी काठी उजवीकडे रोवली. "इथे."

आता सांगते, कारण लपवण्यासारखं काही नाही: मला माहीत होतं. ऑक्टोबरचा बर्फ या बाजूला टिकत नाही, इथे तळाला साखर नसणार, हे मला नीट माहीत होतं. पण अटीत 'उताराच्याच बाजूला' असं लिहिलेलं नव्हतं. जागा मी ठरवणार एवढंच होतं. धंद्यात याला फसवणूक म्हणत नाहीत. याला अट नीट वाचणं म्हणतात.

काकांनी काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खणायला लागले. कालथ्याने भिंत साफ केली. दगड काढला, मैदा, रवा, सगळं नेहमीसारखं. खांब कापला. ठोके मी मोजले, मोठ्याने. दहा. वीस. खांद्यातून शेवटचा तिसावा. खांब जागचा हलला नाही.

"सई, बोल," काका म्हणाले.

सईने माझ्याकडे पाहिलं. "आय'म गुड."

"चला," मी म्हटलं. मी पट्ट्या काढायलाही लागले होते.

काका खाली वाकले, उजवा गुडघा चोळला. "माझा गुडघा दुखून राहिला. परत जाऊ."

"आत्ता? दोन तास चढलात तेव्हा नाही दुखला?"

"मॉम," सई म्हणाली. "नो आस्किंग व्हाय."

आलो त्याच वाटेने खाली उतरलो. गाडीत मी मागे जाऊन बसले. लाडवाचा डबा पुढे आला तो मी परत केला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेले तर रात्रीच्या वादळाचा दोन फूट बर्फ माझ्या दारासमोरून कोणीतरी साफ केला होता. अख्खा ड्राइव्हवे, कडा कालथ्याने कापल्यासारख्या सरळ. दुखऱ्या गुडघ्याचं काम ते!

तो उतार त्या हिवाळ्यात घसरला नाही. तो घसरला असता आणि मी वाचले असते, असं सांगता आलं असतं तर गोष्ट सोपी होती. तसं काही झालं नाही. फेब्रुवारीत दोन पोरं त्याच्यावरून ओरडत, गाणी म्हणत खाली आली आणि मी काउंटरवरून पाहत राहिले. सई ऑगस्टमध्ये गेली.

मग मी काकांना सोडलं नाही. संक्रांतीला तिळगूळ देताना, "गुडघा कसा आहे, काका?" प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलक जेवणाला सगळ्यांदेखत, "यांना खुर्ची द्या, यांचा गुडघा!" इचलकरंजीहून मागवलेलं गुडघ्याचं तेल वाढदिवसाला दिलं. ते आज्ञाधारकपणे चोळायचे, आणि एकदा होळीला मी पकडलं.

"काका, हा डावा! तेव्हा उजवा होता."

"असं? मग दोन्ही असतील," ते म्हणाले, आणि पुरणपोळीवर तूप घेतलं. सगळे हसले. तेही हसले. तीन वर्षं हे चाललं.

गेल्या उन्हाळ्यात काका-काकू शुगर लँडला गेले, मुलीकडे. टेक्सासमध्ये, जिथे जमीन ओट्यासारखी सपाट आहे. काकूंनी निकाल दिला होता: "बत्तीस हिवाळे मी तुमच्या थंडीत काढले, आता तुम्ही माझ्या घामात काढा." काकांचा तरी हट्ट सुटलाय का! आता पहाटे सहाला तिथला अंदाज येतो: "आज दमटपणा चार. इथे सगळ्यात मोठा उतार मॉलच्या पार्किंगचा आहे. सहा अंश. मोजला." जाताना त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या. एक तो काळा दगड. दुसरी खड्ड्यांच्या नोंदींच्या वह्यांची पेटी. "तुझ्याकडं राहू दे. मुलगी फेकून देईल."

मी त्या वह्या उघडल्या नव्हत्या. माझा राग होता. थँक्सगिव्हिंगला सई घरी आली आणि जमिनीवर बसून एकेक वाचायला लागली. तिला मराठी वाचता येतं, अडखळत. ते श्रेयही काकांचंच. एका पानाशी ती थांबली.

"मॉम. धिस इज दॅट डे."

थरांचं चित्र होतं, नेहमीसारखं नेटकं. तपमान, वारा. खाली: 'तीस ठोके. खांब उभा.' आणि त्याखाली, त्यांच्या बारीक अक्षरात:

'जागा चुकीची. बाई बरोबर जागा दाखवेल असं वाटलं होतं. पोरगी घाबरलेली होती, आईसाठी हो म्हणाली. गुडघा दुखला.'

मी सईकडे पाहिलं. "घाबरली होतीस?"

"अ लिटल." मग म्हणाली, "अ लॉट. तू किती वर्षं वेट करत होतीस, ते मला माहीत होतं ना."

मी उठून चहा ठेवला. मग बंद केला. मग पुन्हा ठेवला.

आता मला सांगा, हा काय न्याय झाला? माझी चूक होती तर त्यांनी तिथेच, त्या धारेवर, सईसमोर मला तोंडावर सुनवायला हवं होतं. मी भांडले असते, चिडले असते, दोन महिने बोलले नसते, आणि हिशेब मिटला असता. त्याऐवजी तीन वर्षं त्यांनी माझे टोमणे ऐकले, माझं तेल चोळलं, सगळ्या गावात लंगडा म्हणवून घेतलं, आणि एक शब्द बोलले नाहीत. ज्या माणसावर मी हक्काने रागावू शकत होते तो माणूसच त्यांनी माझ्याकडून काढून घेतला. याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं?

मी काल त्यांना तिकीट पाठवलंय. जानेवारीचं, सई घरी असेल तेव्हाचं. उत्तर म्हणून फक्त एक व्हॉइस मेसेज आला: "बाईसाहेब, काकू विचारून राहिली, कालथा आणू का?"

आणा. दगड मी बाल्कनीत गार करून ठेवते. या वेळी काठी मी सावलीच्या बाजूला, उताराच्या कडेला, तीस अंश मोजून रोवणार आहे. खांब तीन ठोक्यांत पडला तर पडू दे, भजी तळू. मग आपण तिघं थांबू. सई आधी बोलेल. मग मी, आणि मला जे सांगायचं आहे ते मी सांगेन, एकदाच, तेव्हा नीट ऐका. मग तुमची पाळी. सगळ्यात मोठ्याने शेवटी बोलायचं, नियम तुमचाच आहे, आणि तुमचं बोलणं तीन वर्षांपासून बाकी आहे. गुडघ्याला हात लावायचा नाही. माझ्याकडे बघून उत्तर द्यायचं.